ताटाची डावी बाजू कुठे गेली?

दुपारची जेवणाची वेळ. आबा पानावर बसले आहेत. महिन्याभरापूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले. पंधरा दिवस रुग्णालयात काढून ते घरी परतले आहेत. डावा हात अजून उचलत नाही, डावा पाय ओढत चालतात. पण बोलणे स्वच्छ आहे, सर्वांना ओळखतात, रेडिओवरच्या बातम्या ऐकून त्यावर मतही देतात. आज त्यांनी भाजी संपवली, आमटी संपवली आणि मग ते सूनबाईंवर एकदम रागावले, "पानात चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही! आजारी माणसाला असंच वाढतात का?"

सारे एकमेकांकडे पाहू लागले. कारण चटणी, कोशिंबीर, लिंबू सारे ताटातच होते. नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला वाढलेले होते. एवढेच नव्हे, तर भाताच्या मुदीचाही उजवा अर्धाच भाग आबांनी खाल्ला होता. डावा अर्धा भाग सुरीने कापावा तसा शिल्लक होता.

शेजारी बसलेल्या नातीने काही न बोलता ताट अर्धे फिरवले. आबा थबकले. "अगं, ही इथंच होती होय!" असे म्हणून चटणी खाऊ लागले.

हा प्रसंग आम्ही रचलेला आहे. पण असे प्रसंग पक्षाघात झालेल्या अनेक रुग्णांच्या घरी खरोखरच घडतात. घरातली मंडळी मग आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणते, नजर अधू झाली. कोणी म्हणते, आजारपणाने हट्टी झाले. कोणी हळूच म्हणते, म्हातारचळ लागला. यांपैकी एकही कारण खरे नसते. मग खरे कारण कोणते? ते समजण्यासाठी आधी पक्षाघात म्हणजे काय ते पाहू.

वारे नव्हे, रक्त

'अंगावरून वारे गेले' असे आपण म्हणतो. अर्धांगवायू या शब्दातही वायू आहेच. पूर्वी लोकांना या विकाराचे कारण दिसत नव्हते. धडधाकट माणूस क्षणात कोसळे आणि त्याचे अर्धे अंग लुळे पडे. न दिसणाऱ्या वाऱ्याखेरीज दुसरे कोणते कारण सुचणार? युरोपातही फार वेगळी स्थिती नव्हती. इंग्रजीत या विकाराला 'स्ट्रोक' म्हणजे तडाखा म्हणतात. हा तडाखा कोण मारते हे तेथेही शतकानुशतके कोणाला ठाऊक नव्हते.

१६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा रोग्यांच्या शवविच्छेदनाचे वर्णन प्रसिद्ध केले. कवटीत त्याला रक्तस्राव झालेला आढळला. पुढे १६६४ साली इंग्लंडमधील थॉमस विलिस याने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते, त्याचे उत्तम वर्णन या ग्रंथात आहे. त्यातील कित्येक आकृत्या ख्रिस्तोफर रेन याने काढल्या होत्या. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी तो हाच!

तेव्हा या विकाराचे मूळ वाऱ्यात नसून मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. हा पुरवठा दोन प्रकारे बिघडू शकतो. पहिल्या प्रकारात रक्ताची गुठळी अडकून रोहिणी बंद पडते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. बहुसंख्य रुग्णांत असेच घडते. दुसऱ्या प्रकारात रोहिणी फुटते आणि रक्त मेंदूत पसरते. गंमत अशी, की बाहेरून पाहून हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

मेंदूची भूक

आपल्या मेंदूचे वजन साधारण १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीर स्वस्थ असताना जो ऑक्सिजन वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्यासाठी मानेतून चार रोहिण्या वर जातात. पुढच्या बाजूला दोन आणि मागे मणक्यांच्या आधाराने दोन. त्यांतून मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूकडे वाहते.

एवढी भूक असूनही मेंदूजवळ शिधा साठवण्याची सोय जवळजवळ नाही. स्नायू काही काळ साठ्यावर काम चालवू शकतात, मेंदू ते करू शकत नाही. म्हणून पुरवठा तुटताच तो भाग ताबडतोब संकटात सापडतो.

येथे शेतातल्या पाटाची उपमा घेऊ. पाटात माती अडकली की पाणी बंद होते. ज्या वाफ्याला फक्त त्याच पाटाचे पाणी मिळते, तो लवकर जळतो. पण कडेच्या वाफ्यांना शेजारच्या पाटातून थोडे पाणी झिरपते. ते पीक माना टाकते, पण लगेच मरत नाही. वेळेवर पाणी मिळाले तर ते पुन्हा उभे राहते.

मेंदूतही असेच होते. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते सुमारे २० मिलिलिटरच्या खाली गेले, की चेतापेशी मुक्या होतात. जिवंत असतात, पण काम करीत नाहीत. सुमारे १० च्या खाली गेले, की त्या थोड्याच वेळात मरू लागतात. ग्रहणात छाया आणि उपछाया असतात हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. शास्त्रज्ञांनी हाच शब्द येथे उसना घेतला. मध्ये मेलेला भाग आणि भोवती मुक्या पण जिवंत पेशींची उपछाया. वेळ जातो तशी उपछाया आकसते आणि मेलेला भाग वाढत जातो. मोठी रोहिणी बंद पडली असता दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी मांडला.

उजवीकडचा घाव, डावीकडचा हात

आबांचे डावे अंग लुळे पडले. मग बिघाड मेंदूच्या कोणत्या बाजूला झाला असेल? उजव्या! प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या उजव्या अर्धगोलातून निघणाऱ्या आज्ञा डाव्या अंगाकडे जातात, आणि डाव्या अर्धगोलातून निघणाऱ्या उजव्या अंगाकडे. या चेतातंतूंपैकी बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणूनच हाताचे स्नायू, हाडे, सांधे सारे शाबूत असूनही हात हलत नाही. दिवा ठीक आहे, पण तार तुटली आहे, असा हा प्रकार.

दृष्टीचेही तसेच आहे. प्रत्येक डोळा डावी-उजवी दोन्हीकडचे पाहतो. पण डावीकडच्या दृश्याची माहिती, मग ती कोणत्याही डोळ्यातून आलेली असो, शेवटी मेंदूच्या उजव्या भागात पोचते. तेथे इजा झाली तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचे अर्धे दृश्य दिसत नाही. अनुमस्तिष्काला इजा झाली तर हाताची ताकद जात नाही. पण तोल जातो आणि हात थरथरत नेम चुकतो. थोडक्यात, पक्षाघात एकच असला तरी लक्षणे कोणती दिसतील हे कोणत्या भागाचे रक्त तुटले यावर ठरते.

शब्द हरवतात तेव्हा

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याला बोललेले समजे, पण स्वतः तो 'तान' एवढेच बोलू शके. कोणताही प्रश्न विचारा, उत्तर 'तान, तान'. त्याचा विकार अचानक आलेला नव्हता, वर्षानुवर्षे वाढत गेलेला होता. थोड्याच दिवसांत तो मरण पावला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा आढळली. वाचेचे एक ठिकाण सापडले! १८७४ साली कार्ल वेर्निके या तरुण जर्मन डॉक्टरने याच्या उलट प्रकार सांगितला. डाव्याच अर्धगोलाच्या मागच्या बाजूला इजा झालेले रुग्ण भराभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो. आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना समजत नाही.

पक्षाघातात डाव्या अर्धगोलाच्या या भागांचे रक्त तुटले, की वाचाघात होतो. अशा माणसाला पाणी हवे असते, पेला डोळ्यांसमोर असतो, पण 'पाणी' हा शब्द जिभेवर येत नाही. तो वेडा झालेला नसतो आणि बहिराही झालेला नसतो. म्हणून त्याच्याशी ओरडून बोलण्यात काहीच अर्थ नाही. हळू, छोट्या वाक्यांत बोलावे आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा. आणखी एक नवल आहे. ज्याला साधे नाव सांगता येत नाही, असा रुग्ण कधीकधी पाठ असलेली आरती किंवा एक ते दहा आकडे न अडखळता म्हणतो! पाठ झालेले आणि सुरात बांधलेले शब्द मेंदू वेगळ्या वाटेने उच्चारतो. याचाच उपयोग करून बोस्टनमधील संशोधकांनी १९७३ साली सुरांच्या साहाय्याने बोलणे शिकवण्याची एक पद्धत मांडली.

मिलानचा चौक

आता आबांच्या ताटाकडे वळू. डावीकडचे अर्धे दृश्य दिसत नसल्याने चटणी दिसली नाही, असे म्हणता येईल का? नुसती नजर गेलेल्या माणसाला काही दिवसांत ते उमगते. तो मान वळवून पाहतो. आबांना मात्र मान वळवून पाहावे असे वाटलेच नाही. ताटाला डावी बाजू असते हेच जणू ते विसरले होते.

१९७८ साली इटलीतील एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुत्झाती या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा पण फार चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. मिलान शहरात कॅथीड्रलसमोर एक मोठा चौक आहे. शहरातील प्रत्येकाच्या तो परिचयाचा. उजव्या अर्धगोलाला इजा झालेल्या दोन रुग्णांना त्यांनी सांगितले, "तुम्ही चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा. काय काय दिसते ते सांगा." रुग्णांनी उजव्या बाजूच्या इमारती आणि दुकाने सांगितली, डावीकडची बहुतेक वगळली. मग त्यांना सांगितले, "आता कॅथीड्रलच्या दारात पाठ करून उभे राहा आणि चौकाकडे पाहा." आता जी बाजू आधी डावी होती ती उजवी झाली. रुग्णांनी मघाशी वगळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या वगळल्या!

मित्रांनो, या प्रयोगात डोळ्यांचे कामच नव्हते. सारे मनातले दृश्य होते. स्मरणशक्तीही गेलेली नव्हती. दोन्ही बाजू त्यांना आठवत होत्याच. बिघडले होते ते लक्ष. कोणत्याही क्षणी 'डावीकडे' जे असेल तिकडे त्यांचे मन जातच नव्हते. डॉक्टर याला 'नेग्लेक्ट' म्हणतात. आपण त्याला 'बाजूचा विसर' म्हणू. उजवा अर्धगोल दोन्ही बाजूंकडे लक्ष पुरवतो आणि डावा मुख्यतः उजवीकडे, असे मानले जाते. म्हणून डाव्या अर्धगोलाला इजा झाली तर उजवा बरेचसे सांभाळून घेतो. पण उजव्याला इजा झाली तर डावी बाजू पोरकी होते.

करून पाहा : डोळे मिटा. तुमच्या शाळेच्या फाटकात उभे राहून इमारतीकडे पाहत आहात अशी कल्पना करा आणि दिसणाऱ्या वस्तूंची यादी मित्राला सांगा. मग इमारतीच्या पायरीवरून फाटकाकडे पाहत आहात अशी कल्पना करून पुन्हा सांगा. दोन्ही याद्या जवळपास सारख्या येतील. तसे होण्यासाठी तुमचा उजवा अर्धगोल किती काम करतो, ते आता ध्यानात येईल.

बाजूचा विसर पडलेल्या रुग्णाला आडव्या रेषेचा मध्य काढायला सांगा, तो उजवीकडे सरकून खूण करील. घड्याळ काढायला सांगा, बाराही आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात दाटीवाटीने बसवील. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करील. आणि विचारले, तर सारे ठीक आहे म्हणेल.

"माझ्या हाताला काही झालेले नाही"

याहून विलक्षण गोष्ट १९१४ साली जोझेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने नोंदवली. डावे अंग लुळे पडलेले काही रुग्ण आपल्याला पक्षाघात झाला आहे हेच मानत नाहीत. हात उचला म्हटले, तर हात जागचा हलत नाही, पण रुग्ण म्हणतो, "उचलला की!" किंवा "आज जरा दमलोय." काही रुग्ण तर स्वतःचा हात दुसऱ्या कोणाचा आहे असे सांगतात.

हे खोटे बोलणे नव्हे. आपले अंग कसे आहे, कुठे आहे, याचे चित्र मेंदू सतत तयार करीत असतो. ते चित्र काढणाऱ्या भागालाच इजा झाली, तर चूक दाखवणार कोण? असा रुग्ण एकदम उठून चालायला जातो आणि पडतो. म्हणून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यावर लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे.

स्वभावही बदललेला दिसतो. कोणी कारण नसताना रडतो, तर कोणी भलत्याच वेळी हसतो. त्याला तितके दुःख वा आनंद झालेला असतो असे नाही. हसण्या-रडण्याला आवर घालणारी यंत्रणा दुबळी झालेली असते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर उत्साही माणूस दिवसभर गप्प बसून राहतो किंवा शांत माणूस तोंडाला येईल ते बोलतो. पक्षाघातानंतर दर तिघांपैकी साधारण एकाला खिन्नतेचा विकार जडतो, आणि त्यावर उपचार आहेत. 'मनावर घेत नाहीत' असे म्हणून तो सोडून देऊ नये.

घड्याळाकडे पाहा

आता सर्वांत महत्त्वाचे. चार शब्द पाठ करा : चेहरा, हात, बोलणे, वेळ.

चेहरा : हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का?
बोलणे : एक सोपे वाक्य म्हणायला सांगा. जीभ जड झाली आहे का? शब्द चुकतात का?
वेळ : यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी लगेच घड्याळ पाहा आणि रुग्णवाहिका बोलवा.

एकाएकी तोल जाणे, दिसेनासे होणे किंवा पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, याही धोक्याच्या खुणा आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जेथे सीटी स्कॅनची सोय आहे, अशाच रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरा.

सीटी स्कॅनच कशाला? गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून ओळखता येत नाहीत, हे आपण पाहिले. १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका जिवंत रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद पडद्यावर दिसले. १९७९ साली त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या चित्रात रक्तस्राव पांढरा दिसतो. रक्तस्राव नसेल तरच गुठळी विरघळवणारे औषध देता येते, कारण फुटलेल्या रोहिणीत तेच औषध प्राणघातक ठरेल. या औषधाचा गुण १९९५ साली पहिल्या तीन तासांपुरता सिद्ध झाला. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असे दिसले. २०१५ पासून मोठ्या रोहिणीतील गुठळी जांघेतून बारीक नळी घालून ओढून काढण्याचा उपायही प्रस्थापित झाला आहे. काही निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो. पण कोणताही उपचार असो, जितका लवकर तितका चांगला.

म्हणूनच डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचे ठीक केव्हा होते?" घरातले गोंधळलेले असतात. अशा वेळी 'सकाळी सात वाजता आबांनी चहा घेतला तेव्हा ठीक होते' असे नेमके सांगणारा मुलगा किंवा मुलगी फार मोठे काम करते.

आणि काय करू नये? तेल लावून चोळत बसू नये. कांदा हुंगवू नये. सकाळपर्यंत वाट पाहू नये. घरातली कोणतीही गोळी देऊ नये. पाणीसुद्धा पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे असले तर ते श्वासनलिकेत जाते. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून ठेवावे. खुणा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेल्या, तरी रुग्णालयात न्यावेच. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

झटका टाळता येतो का? पुष्कळदा येतो. उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण, आणि तो बहुधा काहीच दुखवत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. मधुमेह, तंबाखू मग ती बिडीतली असो वा मिश्रीतली, जास्त मीठ आणि हृदयाचे अनियमित ठोके ही इतर कारणे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे आज घरी गेल्यावर विचारा.

पुन्हा शिकणारा मेंदू

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. तरी रुग्ण सुधारतात. ते कसे? उपछायेतील वाचलेल्या पेशी पुन्हा बोलू लागतात, सूज उतरते, आणि शेजारच्या पेशी नवे धागे जोडून हरवलेले काम शिकतात. पण मेंदू शिकतो तो सरावाने. एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. चांगल्या हाताला जाड मोजा घालून ठेवायचा आणि सारी कामे दुबळ्या हाताने करवून घ्यायची. ज्यांच्या दुबळ्या हातात थोडी हालचाल शिल्लक होती, अशा रुग्णांना याचा फायदा होतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतरही ती थांबतेच असे नाही.

म्हणजे आबांना भरवणे ही नेहमीच मदत नव्हे. त्यांना करू देणे ही मदत आहे. ताट फिरवले की चटणी सापडते. पण नातीने उद्यापासून आणखी एक गोष्ट करावी. आबांच्या डाव्या बाजूला बसावे, तिकडूनच त्यांच्याशी बोलावे, आणि ताटाच्या डाव्या काठाला एक लाल फीत लावून म्हणावे, "आबा, आधी लाल फीत शोधा, मग जेवायला लागा."

पहिले काही दिवस ती फीत त्यांना सापडणार नाही. तेव्हा रागावू नये. हरवलेली बाजू शोधायला आबांना थोडा वेळ लागणार, एवढेच.